उपडा पेला

दुकानाच्या भिंतीवरच्या सतरा घड्याळांपैकी पहिल्याने सातचा टोला दिला, तशी आक्का शिवणयंत्रावरून उठली, मधली खोली ओलांडून दुकानाच्या दाराशी आली, आणि उंबरठ्यावरच खिळून उभी राहिली... कारण तिच्या भावाच्या पुढ्यात एक हात तिच्याआधीच पोहोचलेला होता! निमुळत्या बोटांचा, नखांच्या कडेला छापखान्याची शाई बसलेला हात. तळव्यावर ती मधोमध चीर असलेली पांढरी गोळी होती, दुसऱ्या हातात तो परिचयाचा स्टीलचा पेला होता. आणि ज्याने गेल्या बावीस वर्षांत आक्काखेरीज कुणाच्याही हातून ती गोळी घेतली नव्हती, त्या घड्याळजीने डोळ्यावरचे भिंगसुद्धा न काढता मुकाट्याने तोंड उघडले!

सतरावे घड्याळ वाजून थांबेपर्यंत सारे आटोपले होते.

"आक्का, आजपासून ही देत जाईल," भिंग मनगटी घड्याळाच्या पोटात खुपसूनच तो म्हणाला. "तूही जरा मोकळी होशील. किती वर्षं करायचं तू?"

किती वर्षं! जणू तिने कधी तक्रार केली होती, जणू ते ओझे होते!

"करू दे की," आक्का म्हणाली. "मी कोण नाही म्हणणारी?"

"तसं नाही वन्सं," नवी वहिनी चाचरत म्हणाली, "तुम्हाला आवडणार नसेल तर..."

"माझ्या आवडीचं काय घेऊन बसलीस? नवरा तुझा, गोळी त्याची. पेला तेवढा माझा होता, तोही आता तुझाच."

एवढे बोलून आक्का जी वळली, ती यंत्रापाशी येऊन बसली आणि पायाखालची पट्टी तिने अशा त्वेषाने चालवली की शाळेच्या गणवेषाची एक बाही खांद्याऐवजी खिशाला जोडली गेली. ती उसवताना तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होते, आणि त्या पाण्याची तिला विलक्षण लाज वाटत होती.

त्या पेल्यामागे एक आयुष्य उभे होते. लहानपणीच्या एका तापाने भावाच्या हृदयाची झडप निकामी केली होती, आणि तो अठरा वर्षांचा असताना डॉक्टरांनी ती काढून तेथे धातूची नवी झडप बसवली. शांत वेळी तिचा टिकटिक आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येई, म्हणून आक्का त्याला लाडाने टिक्या म्हणे. आई त्याआधीच गेली होती, वडिलांचा आधार असून नसल्यासारखा होता. डॉक्टरीणबाईंनी सत्तावीस वर्षांच्या आक्काला समोर बसवून सांगितले होते की रक्त पातळ ठेवणारी ही गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यावी लागेल. ती चुकली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली म्हणजे माणूस एका क्षणात उभ्याचा आडवा होतो. त्याच महिन्यात जमिनी मोजणाऱ्या एका सुस्वभावी गृहस्थाने आक्काला मागणी घातली होती. त्याची बदली दूरच्या गावी झालेली होती. आक्काने नकार कळवला, तो कुणालाही न विचारता, आणि पुन्हा त्या विषयाचा उच्चारही केला नाही.

पेल्याची रीत तिनेच घालून दिली होती. रोज सकाळी ती पेला सुलटा करून गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवी. संध्याकाळी गोळी दिली की तोच पेला उपडा घाली. सुलटा पेला म्हणजे गोळी व्हायची आहे. उपडा पेला म्हणजे झाली. बावीस वर्षांत त्या पेल्याने एकदाही खोटी साक्ष दिली नव्हती.

आणि आता चाळिशीला आलेल्या या भावाने लग्न केले होते! आक्काने स्वतः आग्रह केला होता, हेही खरे. पण आग्रह करताना तिच्या डोळ्यांसमोर भावाचा संसार होता. त्या संसारात आपली जागा नेमकी कोठे असेल, याचा विचार तिने केला नव्हता. वहिनी छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी, म्हणून आक्काने मनातल्या मनात तिचे नाव 'चूकशोधी' ठेवले होते. दोन महिन्यांत चूकशोधीने एकही चूक शोधून दाखवली नव्हती, उलट आक्काच्या हातच्या चहाचेही ती कौतुक करी. आणि याचाच आक्काला अधिक राग येई. भांडायला निमित्तही न देणाऱ्या माणसाचे करायचे तरी काय!

त्या संध्याकाळपासून आक्काने वहिनीशी बोलणे टाकले. विचारले तेवढ्याचे उत्तर, तेही भिंतीकडे पाहून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बावीस वर्षांत प्रथमच, तिने पेल्याला हात लावला नाही. 'ज्यांचा पेला त्यांनी पाहावे,' असे ती स्वतःशी म्हणाली. तो फळीवर तसाच उपडा राहिला.

सातचे टोले पडू लागले की तिचे पाय आपसूक उठत, आणि ती ते दाबून धरी. शेवटचे घड्याळ थांबले की पाणी पिण्याच्या निमित्ताने ती फळीपाशी जाई आणि पाही, तो पेला उपडाच! 'दिली वाटते बाईसाहेबांनी. किती तो वक्तशीरपणा!' खोलवर कुठेतरी तिला वाटे की एकदा, एकदाच, तो सुलटा दिसावा, वहिनीने विसरावे, भावाने हाक मारावी, "आक्का, तुझ्यावाचून नाही गं चालत!"... आणि हे आपल्या मनात आले, याची जाणीव होताच ती दचके आणि दुप्पट वेगाने यंत्र चालवी. अशा रीतीने तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊ दुकानात होता, वहिनी छापखान्यात होती. आक्काने फळी पुसायला घेतली, आणि फळी पुसता पुसता डबा उघडला. उघडण्याचे काही कारण नव्हते. मत्सराला कारण लागत नाही. त्याला फक्त डब्याचे झाकण लागते. आत गोळ्यांची नवी पट्टी होती, दहा गोळ्यांची, भांडणाच्या संध्याकाळीच फोडलेली. त्या दिवसाची एक आणि नंतरच्या तीन, म्हणजे चार कप्पे रिकामे असायला हवे होते.

रिकामा कप्पा एकच होता.

आक्काने पट्टी उजेडात धरली, पुन्हा मोजली, उलटी करून मोजली. नऊ... नऊच! तीन दिवस! तिच्या टिक्याच्या पोटात तीन दिवस गोळी गेली नव्हती! ती धावत दाराशी गेली, हाक मारण्यासाठी तोंड उघडले... आणि हाक तोंडातच राहिली.

कारण त्याच क्षणी तिच्या मनाच्या एका काळोख्या कोपऱ्यातून कुणीतरी अगदी हळू आवाजात म्हणाले, 'आत्ता नको. ती येऊ दे. सात वाजता, तिच्या देखत, ही पट्टी त्याच्यापुढे ठेव. त्यालाही कळू दे, बावीस वर्षं म्हणजे काय असतं. तीन दिवस गेले तिथे तीन तास काय!'

भिंतीवरच्या घड्याळांत तेव्हा चार वाजत होते.

त्या तीन तासांचे वर्णन काय करावे! आक्का यंत्रापाशी बसली, पण सुई एकाच जागी वरखाली होत राहिली. पाच वाजले. तिने भाषण जुळवले, 'बघ रे बाबा, तुझी हुशार बायको.' साडेपाच झाले. तिने भाषण बदलले. सहा वाजून गेल्यावर दुकानातून एक बारीकसा धातूचा आवाज आला, टिण्ण... चिमटा पडला होता! ज्या हातातून केसाएवढी कमान कधी निसटली नव्हती, त्या हातातून चिमटा पडला होता!

"काय झालं रे?" ती ओरडली.

"काही नाही गं. निसटला."

तरीही ती उठली नाही. त्या एका क्षणासाठी ती स्वतःला पुढे कधीच क्षमा करू शकली नाही. ती उठली नाही, कारण पाऊण तासच तर उरला होता...

पण सात वाजण्याची पाळीच आली नाही. वहिनी त्या दिवशी लवकर परतली. फळीवरचा डबा उघडा राहिलेला तिने पाहिला, पट्टी उचलली, आणि आक्काने आडून पाहिले की त्या पोरीच्या चेहऱ्यावरचे रक्त क्षणात ओसरले. तिने बोटावर दिवस मोजले. मग तिने गोळ्या फोडायला सुरुवात केली. एक... दोन... तीन... चार! तीन चुकलेल्या आणि एक आजची. चारही मुठीत घेऊन ती दुकानाकडे धावली.

"ऐकलंत का, आधी ह्या घ्या! पटकन घ्या, पाणी आणते..."

"थांब!!"

घर हादरले. आक्का कधी उठली, मधली खोली तिने कशी ओलांडली, तिचे तिलाही कळले नाही. तिने वहिनीच्या हातावर असा फटका मारला की चारही गोळ्या उडाल्या आणि टेबलावरच्या दातेरी चाकांत विखुरल्या.

"वेडी आहेस का तू? चार एकदम? रक्ताचं पाणी होईल त्याच्या! नाकातोंडातून वाहायला लागेल!"

"पण वन्सं, तीन दिवस चुकल्यात हो... म्हटलं, भरून काढाव्यात..."

"कसले तीन दिवस?" घड्याळजीने विचारले.

वहिनी खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "तीन दिवस तुम्हाला गोळीच मिळाली नाही. चुकलं माझं."

"तीन दिवस?" त्याचा आवाज चढला. "अगं, आक्काने बावीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही, आणि तुला चार दिवस जमलं नाही?"

तेच वाक्य! चार वाजल्यापासून आक्का ज्याची वाट पाहत होती, शब्दन् शब्द तेच वाक्य! ते कानी पडताच तिचे अंतःकरण थंड व्हायला हवे होते; पण तिला वाटले, कुणी तापलेली इस्त्री आपल्या छातीवर ठेवली आहे. खाली बसलेली ती पोर सबब सांगत नव्हती, कुणाकडे बोट दाखवत नव्हती. नुसती म्हणत होती, "चुकलं माझं, चुकलं माझं..."

"तिला एक अक्षर बोलू नकोस," आक्का म्हणाली. "मला चार वाजल्यापासून माहीत होतं."

घड्याळजीने डोळ्यावरचे भिंग काढले. कामाच्या वेळी त्याने भिंग काढलेले त्या घराने क्वचितच पाहिले होते.

"माहीत होतं? आणि तू गप्प बसलीस?"

"बसले."

"का आक्का?"

"तिची फजिती व्हावी म्हणून!" आक्काचा आवाज फुटला. "तुझ्या देखत व्हावी म्हणून! तुझा चिमटा पडला ना रे मघाशी, तोही ऐकला मी... आणि तरी बसून राहिले. ज्या हातांनी तुला गोळ्या भरवल्या ना, त्याच हातांनी मी आज तीन तास तुझ्या जिवाशी खेळले. आता काय म्हणायचं ते मला म्हण!"

टिकटिक तेवढी ऐकू येत होती, भिंतीवरची आणि त्याच्या छातीतली.

आधी भानावर आली ती वहिनी. डोळे पुसून तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो आक्कापुढे धरला. "तुम्ही बोला वन्सं. तुम्हाला सगळं नीट सांगता येईल."

डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तसाच खणखणीत होता. "चुकल्या त्या चुकल्या. त्यांची भरपाई करायची नसते, समजलं? त्याच दिवशी आठवली तर त्या दिवशी घ्यायची, दिवस उलटला की सोडून द्यायची. दोन एकत्र कधीही नाही. बोलणं अडखळतंय का त्याचं? तोंड वाकडं? हातापायात जडपणा?"

"नाही... पण मघाशी हातातून चिमटा पडला."

"मग बोलत काय बसलात? ताबडतोब घेऊन या. गोळ्यांचा डबाही आणा, आणि आजची गोळी घरी देऊ नका, रक्त बघून मी ठरवीन. आणि हे बघा, इतकी वर्षं तुम्ही एवढं सांभाळलंत, गोळी कुणाच्याही हातून चुकते हो. चुकली की लगेच सांगायचं. लपवायचं तेवढं नाही."

लपवायचं तेवढं नाही... डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक, की त्या कुणाच्या जखमेवर बोट ठेवीत होत्या!

रुग्णालयाच्या पॅसेजमधल्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती, आणि त्या जागेवर गोळ्यांचा डबा. दाराआड त्याच्या तपासण्या चालल्या होत्या. आक्काने विचारले,

"तू विसरलीस कशी गं? तुझ्यासारखी अक्षराअक्षरावर बोट ठेवणारी?"

"विसरले नव्हते हो," वहिनी खाली पाहत म्हणाली. "रोज सातला जायचे फळीपाशी. पेला आधीच उपडा दिसायचा."

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटलंय, म्हणून माझ्याआधी तुम्हीच देऊन टाकता. म्हटलं, देऊ देत. हक्क त्यांचाच आहे. विचारायला गेले तर तुम्हाला वाटेल, ही हिशेब मागते."

"अगं, पण सकाळी पेला सुलटा करायचा असतो ना!"

"सुलटा करायचा असतो?" वहिनीने मान वर केली. "हे मला नाही कुणी सांगितलं. हे एवढंच म्हणाले, गोळी दिली की पेला उपडा घाल."

अर्धीच रीत! अर्धी भावाने सांगितली होती, आणि उरलेली अर्धी आक्काच्या मानी मनात कुलूपबंद होती. तीन दिवस तो उपडा पेला एकीला सांगत होता की दुसरीने दिली, आणि दुसरीला सांगत होता की पहिलीने दिली. बावीस वर्षे खरे बोललेला पेला! तो खोटे बोलला नव्हता. दोन बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या, इतकेच!

"निदान त्याला तरी विचारायचंस!"

"विचारलं की. रोज दारातून विचारायचे, गोळी झाली ना? हे हो म्हणायचे."

"भिंग डोळ्याला होतं?"

"होतं."

"मग त्याच्या हो ला काय चाटायचंय! भिंग लावलेलं असताना दुकान पेटलंय म्हटलंस, तरी हो म्हणेल तो!"

वहिनीला हसू फुटले, आणि त्या हसण्यातच तिचा हुंदका मिसळला. आक्काही हसली, आणि हसता हसता तिचे सारे बांध फुटले. त्या मोकळ्या जागेवरून डबा केव्हा उचलला गेला आणि वहिनीचे डोके आक्काच्या खांद्यावर केव्हा आले, ते दोघींनाही कळले नाही.

"तो बरा होऊन घरी आला की मी यंत्र घेऊन त्या गणवेषाच्या कारखान्याच्या माडीवर राहायला जाईन," आक्का डोळे पुसत म्हणाली. "तिथे खोली आहे. हा डबा घे. तुझा आहे. मनापासून देते आहे, त्या दिवसासारखा टोमणा नाही मारत."

"नाही घेणार मी एकटी." वहिनी ताठ बसली. तिच्या आवाजात आक्काने कधी न ऐकलेली धार होती. "वन्सं, आमच्या छापखान्यात एकट्या माणसाला वाचू देत नाहीत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा मुद्रित बघतो. एकट्याने वाचलं की चूक राहतेच, मग तो कितीही शहाणा असो. गोळी मी देईन, मोठ्याने सांगून देईन. पेला तुम्ही सकाळी सुलटा करायचा. माडीवर जाऊन तो कसा सुलटा करणार तुम्ही?"

आक्काने पुढे केलेला डबा मागे घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

तपासणीत रक्त घट्ट होऊ लागल्याचे निघाले. पण झडपेवर गुठळी धरलेली नव्हती. हाताला काही झाले नव्हते, घामेजल्या बोटांतून चिमटा निसटला असावा, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन दिवस इंजेक्शने देऊन, रक्त पुन्हा तपासून त्यांनी त्याला घरी सोडले. निघताना त्यांनी तिघांनाही बजावले, त्यात सर्वांत जास्त त्यालाच.

"तू काय नंदीबैल आहेस का, समोर येईल त्याला हो म्हणायला? गोळी तुझी आहे. तूही लक्षात ठेवायची."

"हो," तो म्हणाला. मग दोघींकडे पाहून ओशाळून म्हणाला, "भिंग नाहीये आत्ता. खरं हो आहे."

घरी आल्यावर, दोघेच असताना, तो आक्काच्या यंत्रापाशी येऊन बसला. आक्काने मान वर केली नाही.

"आक्का, त्या मोजणीवाल्यांना तू नाही म्हणालीस ना, मला ठाऊक आहे. तू नकाराचं पत्र लिहिलंस तेव्हा मी जागा होतो. कधी बोललो नाही." "तुला मोकळं करायचं होतं गं मला. तुझ्याकडून काढून घ्यायचं नव्हतं. मला सांगताच येत नाही कधी नीट..."

"पुरे," आक्का म्हणाली. "सुईत दोरा ओवून दे. मला दिसत नाहीये."

तिला दिसत नव्हते ते वयामुळे नव्हे, हे त्याला कळले. त्याने दोरा ओवून दिला.

संध्याकाळ झाली. पहिल्या घड्याळाने सातचा टोला दिला. आक्काचे पाय उठले. तिने ते पुन्हा पट्टीवर ठेवले. दुकानाकडे तिची पाठ होती. तो हात आता पुढे झाला असेल, त्याने तोंड उघडले असेल... छातीत एक बारीक टाचणी टोचली. ती टोचणार, हे आक्काला ठाऊक होते. पुढेही काही दिवस टोचणार होती. तिने दात आवळून शिवण सरळ धरली. दुसरे घड्याळ, पाचवे, अकरावे... सतरावे वाजायच्या आत, भिंतीपलीकडून, मुद्रित वाचावे तसा स्पष्ट, खणखणीत आवाज आला,

"वन्सं, दिली!"

आणि पाठोपाठ दुसरा, "आक्का, घेतली गं! भिंग काढून घेतली!"

"ऐकलं!" आक्का म्हणाली.

पेला उपडा पडल्याचा आवाज तिने ऐकला. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरण्याच्याही आधी, तिने तो सुलटा केला.